कच्च्या वहीतला सूर्य

घोडा खालून वर पाहायचा, असं कोलमन मास्तर पन्नास वर्षं सांगत आले होते. आधी खूर, मग गुडघे, मग पोट, मग मागचे पुठ्ठे, आणि तोंड सगळ्यात शेवटी. "तोंड आधी पाहिलंत की तुम्ही त्याच्या प्रेमात पडता," ते म्हणायचे. "मग लंगडासुद्धा नाचरा दिसायला लागतो."

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी किलब्रॅकच्या माळावर ते रिंगणाच्या कठड्याला टेकून उभे होते. दिवसातली शेवटची शर्यत बाकी होती. तीन मैल, तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत बर्च झाडाच्या काटक्यांचे छातीएवढे सहा अडथळे. शर्यतीतले आठ घोडे रिंगणात गोल फिरत होते. सकाळपासून आभाळ ओल्या घोंगडीसारखं खाली आलं होतं, आणि समोरचे डोंगर कमरेपर्यंतच दिसत होते. चिप्सच्या गाडीवरून व्हिनेगरचा वास येत होता.

मास्तरांनी गावच्या शाळेत अडतीस वर्षं शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते जिल्ह्याच्या साप्ताहिकात शर्यतीच्या घोड्यांवर सदर लिहू लागले. रविवारी कोण पळणार, कुणाची तब्येत कशी आहे, कोण जिंकेल असं वाटतं, हे सगळं त्यात असे. माळावर जमलेल्यांपैकी निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले होते. टक्कल पडलेले बाप्येसुद्धा त्यांना 'मास्तर' म्हणत आणि त्यांच्यासमोर सिगरेट पाठीमागे लपवत.

"मास्तर, चहा घ्या. आणि पैसे लावायला घोडा द्या." चहाच्या तंबूतली फिलोमिना कागदी पेला घेऊन आली. पंचेचाळिशीची, लाल गालांची. चौथीत असताना ती मास्तरांच्या शाळेत पहिल्या बाकावर बसायची.

"मागच्या रविवारी दिला होता की."

"तो? तो अजून पळतोय बिचारा. येईल पोचत ईस्टरपर्यंत."

मास्तर हसले. "मग आज तूच निवड. ती करडी घोडी बघ, वेस्पर. पुढचा पाय उचलते तेव्हा मागचा कुठे पडतो?"

फिलोमिनानं डोळे बारीक केले. "पुढच्याच्या ठशावर."

"नीट बघ."

"ठशाच्या पुढे. दोन-तीन बोटं पुढे."

"शाब्बास. म्हणजे पाठ मोकळी आहे, कुठे दुखत नाही. आता तिच्या मागचा काळा. त्याच्या मांड्यांमध्ये काय दिसतंय?"

"फेस आलाय साबणासारखा."

"त्यानं आपली शर्यत इथेच पळून टाकली. त्याला सोडून दे. आणि आता हा पाच नंबर."

पाच नंबर म्हणजे ब्रॅम्बल किंग. गडद तपकिरी, रुंद छातीचा, कान पुढे, मान सैल. चालताना त्याच्या पुठ्ठ्यावरची कातडी पाण्यावर वारा फिरावा तशी हलत होती. खालून वर पाहा नाहीतर वरून खाली, खोट काढायला जागा नव्हती.

याच घोड्यावर आज मास्तरांची नात बसणार होती. डर्व्हला, एकोणीस वर्षांची. ती कँटवेलच्या तबेल्यात घोडे फिरवायची, पण एवढ्या मोठ्या शर्यतीत अजून उतरली नव्हती. ब्रॅम्बल किंगवर नेहमी बसणाऱ्या मुलाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि त्याच आठवड्यात मास्तरांनी सदरात लिहिलं: 'पायाचा इतका पक्का घोडा या हंगामात मी पाहिलेला नाही. नवख्या स्वारालाही तो सांभाळून घरी आणेल.' ते वाचून मॉसी कँटवेलनं डर्व्हलाला विचारलं होतं.

"माझी नातच बसतेय म्हणून सांगत नाही," मास्तर म्हणाले, "पण हा बघ, लिहिलंय मी." त्यांनी कोटाच्या खिशातून रबर लावलेली वही काढली.

त्यांच्या वह्या दोन असत. माळावर उभ्यानं पेन्सिलीनं लिहायची ती कच्ची. सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, रकाने आखून, शाईनं उतरवायची ती पक्की. शाळेतल्या मुलांनाही त्यांनी हेच वळण लावलं होतं. सदर लिहिताना ते फक्त पक्की वही उघडत. कच्चीकडे पुन्हा पाहायचं कारणच नसे.

फिलोमिनानं पानं उलटली. "नोव्हेंबर, ब्रॅम्बल किंग, पहिला. सगळ्या उड्या स्वच्छ. वा! जानेवारी, ब्रॅम्बल किंग, पहिला." ती थांबली. "मास्तर, ही काय चित्रकला? दोन्हीकडे सूर्य काढलाय तुम्ही. छोटासा, किरणांसकट. आमच्या वहीत काढला असता तर कान धरला असतात."

मास्तरांनी वही जवळ घेतली, चष्मा वर सरकवला.

सूर्यच होता. त्यांच्याच हातचा. नोव्हेंबरच्या नोंदीशेजारी एक, जानेवारीच्या शेजारी एक.

त्यांच्या हातातला पेला हलला आणि चहा मनगटावर सांडला. चटका बसला, पण हात बाजूला घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

हिवाळ्यात दुपार उतरली की सूर्य इतका खाली येतो की त्याच्याकडे तोंड करून धावणाऱ्या घोड्याला पुढचा अडथळा दिसतच नाही. अशा वेळी पंच शेवटच्या सरळ पट्ट्यातले दोन्ही अडथळे बंद करतात. घोडे त्यांच्या बाजूनं नुसते पळत जातात. तसं झालं की मास्तर कच्च्या वहीत छोटा सूर्य काढत. पक्क्या वहीत मैदान, जमिनीचा ओलावा, उड्या, पडणं, क्रमांक, सगळ्याला रकाने होते. सूर्याला रकाना नव्हता.

"मास्तर? पांढरेफटक पडलात. बसता का?"

"त्याची पहिली शर्यत," मास्तर स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा आभाळ भरलेलं होतं. सगळे अडथळे होते. तो शेवटून दुसऱ्यावर पडला. मी लिहिलं, कोवळा आहे, शिकेल. मग दोन शर्यती जिंकला, एकदाही अडखळला नाही, म्हणून मी लिहिलं, शिकला." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "फिलोमिना, तो शिकलेला नाही. दोन्ही वेळा शेवटचे अडथळे नव्हतेच. तीन मैल पळून दमल्यावर समोर अडथळा आला की हा घोडा काय करतो, ते एकदाच दिसलंय. तेव्हा तो आपटला."

"आणि आज?"

मास्तरांनी आभाळाकडे पाहिलं. राखाडी आणि एकसारखं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांची मुलगी ब्रीडा, डर्व्हलाची आई, कोपरापर्यंत पिठात हात घालून उभी होती. ती कधीच शर्यतीला येत नसे. डर्व्हला पळायला गेली की ती घरी बसून पावाची भट्टी घासायची, आणि फोन टेबलावर उताणा ठेवायची. "बाबा," मान वर न करता ती म्हणाली होती, "तुम्ही म्हणताय ना घोडा भरवशाचा आहे? मग मी काही बोलत नाही. तुमच्या शब्दावर पाठवतेय."

आणि मास्तर म्हणाले होते, "माझ्या शब्दावर पाठव."

ते काठी टेकत निघाले. फिलोमिना मागोमाग आली. मैदानाच्या फाटकाशी पंचांपैकी जेरार्ड उभा होता. तोही त्यांचाच विद्यार्थी, सातवीत गणितात दोनदा नापास झालेला.

"जेरार्ड, शेवटचे दोन अडथळे ठेवलेत का रे?"

"ठेवलेत की, मास्तर."

"सूर्य खाली येईल. बंद करा ते."

जेरार्डनं हात पसरून आभाळ दाखवलं. "कुठला सूर्य? पंधरा दिवसांत पाहिला नाही आम्ही त्याला. सापडला तर सांगा, आमच्या बायकोचे कपडे वाळायचेत."

शेजारचे दोघे हसले. मास्तर रिंगणाकडे वळले. आतल्या गवतावर मॉसी कँटवेल उभा होता, टोपी मागे सारून, एका उंची ओव्हरकोटवाल्या पाहुण्याशी बोलत. पाहुणा घोडा विकत घ्यायला इंग्लंडहून आला होता, हे माळभर कळलं होतं.

"मॉसी, जरा इकडे ये."

कँटवेल कठड्याशी आला. "बोला मास्तर, लवकर बोला."

मास्तरांनी वही उघडून दाखवली आणि जेवढं थोडक्यात सांगता येईल तेवढं सांगितलं. कँटवेल ऐकत होता, पण त्याची नजर पाहुण्यावर होती.

"मग आता काय म्हणता?"

"आज नको पळवूस त्याला."

"मास्तर," कँटवेलनं खिशातून चौकोनी घडी केलेलं कात्रण काढलं, "हे कुणी लिहिलंय? पायाचा इतका पक्का घोडा. हे वाचून तो माणूस समुद्र ओलांडून आलाय. आणि आता तुम्ही म्हणता, माझ्या वहीत सूर्य सापडला, परत जा?"

"मी चुकलो. चुकलो म्हणून सांगतोय ना."

"एकदा पडलाय तो, दोन वर्षांपूर्वी. मी माझ्या लग्नात नाचताना दोनदा पडलोय, अजून चालतोय की." मग त्याचा आवाज थोडा उतरला. "नातीची काळजी वाटते, कळतंय मला. पण पोरगी चांगली आहे. तिला घाबरवू नका आता. स्वार घाबरला की घोड्याला पाठीतून कळतं, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

ते खरं होतं. मास्तरांनी वहीला पुन्हा रबर लावलं.

स्वार रिंगणात आले. रंगीत सदरे, पांढऱ्या विजारी, सगळ्यांचीच तोंडं थंडीनं आखडलेली. डर्व्हलाच्या अंगावर कँटवेलचा हिरवा-पिवळा सदरा होता, तिला खांद्यात मोठा होणारा. तिनं कठड्याकडे पाहून भुवई उडवली. लहानपणी कविता म्हणायला उभी राहिली की ती अशीच भुवई उडवायची. घंटा झाली. कँटवेलनं तिचा गुडघा धरून तिला वर चढवलं. तिनं पाय रिकिबीत सारले, आणि ब्रॅम्बल किंग ताठ मानेनं चालू लागला.

मास्तरांना एवढंच कळत होतं, की रिंगणातून मैदानाकडे जाताना घोडे फाटकाच्या अरुंद जागेत क्षणभर रेंगाळतात. तेवढाच वेळ होता. काय सांगायचं? 'उतर' म्हटलं तर ती उतरणार नाही. 'तो पडेल' म्हटलं तर तीन मैल तिच्या डोक्यात तेवढंच राहील. मुलाला दुधाचा पेला देऊन 'सांडू नकोस' म्हटलं की ते सांडतंच, हे अडतीस वर्षं त्यांनी पाहिलं होतं. मुलाला काय करू नको ते सांगायचं नसतं. काय कर ते सांगायचं असतं, आणि तेही एकच.

ते फाटकाशी पोचले तेव्हा त्यांचा श्वास लागला होता. हिरवा-पिवळा सदरा जवळ आला.

"डर्व्हला!"

"आजोबा, आता नको हं."

"शाळेमागचा ओढा आठवतो? त्यावरून कशी उडी मारायचो आपण?"

"काय?" ती वाकली. "एक, दोन, तीन म्हणून. का?"

"शेवटच्या सरळ पट्ट्यात तसंच करायचं. शेवटच्या फेरीत. दोन्ही अडथळ्यांआधी लगाम घे, मागे बस, आणि मोठ्यानं म्हण. घोड्याला ऐकू जाईल असं. तीन म्हटल्याशिवाय त्याच्याकडे उडी मागायची नाही."

"आणि तोवर वेस्पर पुढे निघून गेली तर?"

"जाऊ दे."

"पण का?"

"घरी सांगतो. म्हणशील का?"

घोडा पुढे सरकला. ती काहीतरी बोलली, पण मागच्या काळ्या घोड्यानं खिंकाळून गोंधळ घातला आणि मास्तरांना नीट ऐकू आलं नाही. ती 'बरं' म्हणाली की 'बघू' म्हणाली, कोण जाणे. ब्रॅम्बल किंग उड्या मारत सुरुवातीच्या खुणेकडे गेला.

लोक टेकाडावर चढू लागले. तिथून सगळं मैदान दिसतं. मास्तर मात्र खाली, शेवटून दुसऱ्या अडथळ्याकडे निघाले.

"तिकडे चिखल आहे," फिलोमिना म्हणाली.

"असू दे."

"मग माझा हात धरा. तुम्ही पडलात तर तुमच्या सदरात कोण लिहील, शेवटून दुसऱ्यावर मास्तर आपटले म्हणून?"

ते दोघं अडथळ्यापासून दहा पावलांवर दोरीमागे उभे राहिले. बर्चच्या काटक्या काळ्या, ओल्या होत्या. जवळून तो अडथळा टेकाडावरून दिसतो त्याच्या दुप्पट वाटत होता. ध्वनिक्षेपकावर आवाज आला, "निघाले!"

पहिल्या फेरीत आठही घोडे एका घोळक्यात आले. आधी पायांखालच्या जमिनीतून थरथर आली, मग आवाज. ब्रॅम्बल किंग बाहेरच्या बाजूला तिसरा होता. त्यानं लांबून उडी घेतली आणि अडथळ्यावरून हातभर वरून गेला. चिखलाचे गोळे मास्तरांच्या टोपीवर आदळले.

"बघा!" फिलोमिना ओरडली. "पाखरू आहे नुसतं!"

मास्तरांची नजर घोड्याच्या पाठीवरच होती. ताज्या दमाचा घोडा काय करतो ते त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या फेरीत सहा उरले होते. काळा कुठेतरी मागे थांबवला गेला होता, आणि एक स्वार पलीकडच्या बाजूला हेल्मेट हातात घेऊन चालत येत होता. वेस्पर पुढे, तिच्या मागे ब्रॅम्बल किंग. या वेळी त्यानं पुन्हा लांबूनच झेप घेतली, पण उंची तेवढी आली नाही. खूर वरच्या काटक्यांना घासले आणि मूठभर बर्च हवेत उडाला. उतरताना त्याचं नाक गवताला लागेल इतकं खाली गेलं. डर्व्हला पुढे फेकली गेली, मागे आली, सावरली, आणि ते निघून गेले.

फिलोमिनाचा हात मास्तरांच्या दंडावर आवळला गेला. आता ती विनोद करत नव्हती.

"अजून एकदा," मास्तर म्हणाले.

घोडे पलीकडच्या चढावर गेले, बाहुल्यांएवढे झाले. मास्तरांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले होते. त्यांना ब्रीडाचं टेबल दिसत होतं. उताणा फोन. ते तिला फोनवर काय सांगणार होते? रकाना नव्हता म्हणून?

आणि मग त्यांच्या मनगटावरच्या चहाच्या डागावर उजेड पडला.

त्यांनी मान वळवली. पश्चिमेला ढगांची कड जमिनीपासून वीतभर उचलली गेली होती, आणि त्या फटीतून सूर्य आला होता. पिवळा, सपाट, थेट डोळ्यात घुसणारा. सगळा पट्टा एकदम चमकला. ओल्या गवताचा आरसा झाला. अडथळा घोड्यांच्या बाजूनं कसा दिसत असेल, ते पाहायला मास्तर दोन पावलं मागे सरले आणि डोळ्यांवर हात धरला. अडथळा दिसतच नव्हता. नुसता उजेड होता.

"थांबवा की कुणीतरी!" फिलोमिना म्हणाली.

"सुटलेली शर्यत सूर्यासाठी थांबवत नाहीत."

ध्वनिक्षेपकावरचा माणूस भराभर बोलत होता. वेस्पर आणि ब्रॅम्बल किंग, ब्रॅम्बल किंग आणि वेस्पर, बाकीचे खूप मागे. ते वळणावरून सरळ पट्ट्यात आले, डोक्याला डोकं लावून. टेकाडावरून लोक आरडाओरडा करत होते. ब्रॅम्बल किंगची मान आता सैल नव्हती, ती वरखाली होत होती. त्याच्या तोंडाचा फेस छातीवर लोंबत होता. तो दमला होता. इतका दमलेला घोडा लांबून झेप घेतो, कारण मोजायचं त्राण त्याच्यात उरलेलं नसतं.

वीस पावलं. डर्व्हलाचे डोळे उजेडानं मिटल्यासारखे झाले होते. तिचा एक हात पुढे, लगाम सैल. वेस्परचा स्वार चाबूक उगारून ओरडत होता. मास्तरांना वाटलं, ती विसरली. उगाच भलत्या वेळी भलतं काही सांगितलं आपण, ती विसरली.

पंधरा पावलांवर ती मागे बसली.

"एक!"

तिचा आवाज फाटला होता, शाळेच्या अंगणात यायचा तसाच उंच. घोड्याचे कान मागे वळले.

"दोन!"

वेस्पर तिच्या पुढे निघून गेली, झेप घेऊन उजेडात नाहीशी झाली. ब्रॅम्बल किंगनं पावलं आखडली. एक छोटं पाऊल, मग त्याहून छोटं. तो इतका जवळ आला की मास्तरांनी डोळे मिटून घ्यायचं ठरवलं आणि ते त्यांना जमलं नाही. घोड्यानं मान खाली घालून समोर पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं.

"तीन!"

ती उडी नव्हतीच. भिंत चढावी तसा तो चढला. पोट काटक्यांवरून घासत गेलं, मागचे पाय अडकले, सुटले, आणि पलीकडे तो जवळजवळ उभाच राहिला. डर्व्हला त्याच्या मानेला मिठी मारून लटकत होती. एक रिकीब मोकळी हेलकावत होती. मग ती हळूहळू, एकेक वीत, मागे सरकली, पाय शोधला आणि घोड्याला पुढे काढलं.

शेवटच्या अडथळ्यापाशी पुन्हा ते तीन आकडे ऐकू आले, लांबून, वाऱ्याबरोबर.

वेस्पर सहा घोड्यांच्या लांबीइतकी पुढे राहून जिंकली. ब्रॅम्बल किंग दुसरा आला.

मास्तर चिखलात बसले. बसायचं ठरवलं नव्हतं. फिलोमिनानं त्यांच्या टोपीवरचा चिखल झटकला, मग डोळे पुसले आणि म्हणाली, "माझे वीस युरो गेले. फार बरं वाटलं."

खोगीर उतरवायच्या जागी कँटवेल पाहुण्याची पाठ पाहत उभा होता. पाहुणा गाडीकडे निघून गेला होता. डर्व्हला खोगीर हातावर टाकून आली. चेहऱ्यावर चिखल, त्यातून फक्त डोळे दिसत होते, आणि ते रागानं भरले होते.

"आजोबा, जिंकत होते मी! वेस्परच्या डोक्याला डोकं होतं आमचं! तुमच्या एक-दोन-तीननं घालवली शर्यत. सगळा माळ हसत असेल, पाढे म्हणत आली म्हणून!"

तिच्या तोंडून शिव्या आल्या असत्या तरी मास्तरांना गोडच लागल्या असत्या. ते तिच्याकडे नुसते पाहत राहिले. दोन्ही हात, दोन्ही पाय, सरळ मान. खालून वर.

मग त्यांनी वही काढली आणि तिला दोन्ही सूर्य दाखवले. काही न लपवता सगळं सांगितलं, तिच्या आईला दिलेल्या शब्दापर्यंत.

तिचा राग एकदम विझला नाही. तिनं चिखलाचा अंगठा एका सूर्यावर ठेवला. "कधी कळलं तुम्हाला?"

"रिंगणात. तू चढायच्या आधी."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. तुला कळलं की त्यालाही..."

"मी सात वर्षांची नाही, आजोबा." आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "मान माझी होती. पुढच्या वेळी आधी मला सांगायचं, मग काय करायचं ते आपण दोघं ठरवू. दुसऱ्या फेरीला तो घासला ना, तेव्हा मला वाटलं माझंच चुकलं. पूर्ण फेरीभर तेच डोक्यात होतं."

मास्तरांना हे सुचलंच नव्हतं. तिला भीती द्यायची नाही एवढंच त्यांनी पाहिलं होतं. ती एकटी काय विचार करत येईल, ते पाहिलं नव्हतं.

"सांगेन," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. मग चिखलाचा हात त्यांच्या कोटाला पुसला, मुद्दाम, आणि घोड्याला थंड करायला घेऊन गेली. ब्रॅम्बल किंगच्या पोटाखाली काटक्यांचे लाल ओरखडे उठले होते. ती चालता चालता त्यांच्यावरून बोट फिरवत होती.

मास्तरांनी फोन काढला. पहिली घंटी पूर्ण व्हायच्या आत पलीकडून उचलला गेला.

"बाबा?"

"ठीक आहे ती. एक ओरखडा नाही. दुसरी आली."

पलीकडे श्वास सुटल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा, मग हसू. "दुसरी! अरे वा. आणि काय हो, तुम्ही तर लिहिलं होतं जिंकणार म्हणून. चुकलं ना तुमचं?"

"चुकलं," मास्तर म्हणाले.

इथे थांबता आलं असतं. ब्रीडा हसत होती. भट्टी चकचकीत झाली असणार, पाव ओट्यावर निवत असणार. माळावर उजेड पसरला होता, आणि जेरार्ड शेवटच्या अडथळ्यापाशी डोळ्यांवर हात धरून उभा होता.

"पण तू म्हणतेस ते नाही चुकलं," मास्तर म्हणाले. "दुसरंच चुकलं. खुर्ची ओढून बस, ब्रीडा. सांगतो."